पिशवीतली सावली

“वहिनी, आता एकदाचं काय ते होऊन जाऊ दे! तुझी ही झाडं माझ्या कॉफीचं ऊन खातात!” दिराने करवत धाडकन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टाकली आणि वहिनीच्या हातातलं भांडं गळून पडलं... पोरक्या झालेल्या ज्या दिराला तिने पोटच्या पोरासारखं वाढवलं, ऐन तारुण्यात वैधव्य आलं तरी ज्याच्यासाठी माहेरची वाट धरली नाही, तोच आज वाटणी मागत होता!

“घे बाबा,” ती एवढंच म्हणाली. “विहिरीकडचा मळा तुझा. चढावरचा मला राहू दे, झाडांसकट.”

पाण्याची बाजू त्याला आणि खडकाळ चढ आपल्याला! अशी वाटणी कुणी करतं का हो? पण माया आंधळी असते म्हणतात, ते काय उगाच? दिवसभर करवत किंचाळत राहिली, विहिरीकडच्या मळ्यात तिच्या नवऱ्याने कॉफीला सावली म्हणून हौसेने लावलेली झाडं एकेक करून आडवी होत गेली... संध्याकाळी डोळे पुसत तिने त्यांच्याखालच्या वाळक्या शेंगा पदरात गोळा केल्या.

पुढच्या हंगामात दिराची कॉफी अशी लगडली, की स्वारीचे पाय जमिनीला लागेनात. वहिनी मात्र परसात मातीच्या पिशव्या भरत बसलेली; रोपं वाढली की मोठ्या पिशवीत हलवायची. “अजून झाडांचा सोस फिटला नाही वाटतं!” तो कुंपणावरून टोमणा मारायचा. ती नुसती हसायची.

मग तो उन्हाळा आला! विहिरीने तळ गाठला, उघड्या मळ्यातली पानं करपली, हिरवी फळं देठासकट गळाली. वर चढावर, झाडांखालच्या पाचोळ्याच्या ओलीवर वहिनीची कॉफी तग धरून होती.

तो आला आणि उंबऱ्यातच थबकला. “चुकलो गं वहिनी... मी करंटा! आता झाडं लावली तरी सावली कधी पडायची? माझं सगळं संपलं!”

“संपतंय कशाने? मी मेले का?” वहिनी खेकसली आणि त्याचा हात धरून त्याला परसात घेऊन गेली. पिशव्यांतली रोपं त्याच्या खांद्याला लागत होती. “तुझ्याच मळ्याची आहेत ही. तू करवत लावलीस ना, त्याच संध्याकाळी बी गोळा केलं.”

“माझ्यासाठी? मी टोमणे मारत होतो तेव्हाही...?”

“मग काय, चढावर आणखी लावून जंगलात राहू? पाऊस पडला की लावू. मधे केळी घाल, ती लवकर सावली धरते.”

तो लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. वहिनीचे डोळे तरी कुठे कोरडे होते!

“पुरे आता. आधी आत चल, जेवून घे,” ती म्हणाली. “मघाशी पाहुण्यासारखा उंबऱ्यात काय उभा राहिलास, वेड्या!”