हात पुढं कर

पटो न पटो, हे माझ्या सख्ख्या मामीच्या बाबतीत घडलंय. यात पदरचं काहीच घातलेलं नाही.

ठिकाण अहमदपूर. गेल्या मे महिन्यातली भरदुपार.

शिल्पामामी तिथल्या मोठ्या सरकारी हायस्कुलात मराठी शिकवते. निजामाच्या काळातली दगडी शाळा. शाळेच्या शताब्दीसाठी जुने फोटो शोधायला ती शिपाई वीरण्णाला घेऊन मागच्या हॉलमध्ये गेली. सुट्ट्या होत्या. दुसरं चिटपाखरू नव्हतं.

"फोटू घ्या अन् निघा बाई," वीरण्णा म्हणाला. "हितं पूर्वी एका मास्तरनं पोरगं मारून टाकलं म्हणत्यात. छडीनं."

मामी हसली. उभ्या नोकरीत तिनं पोरावर हात उगारला नव्हता.

तेवढ्यात...

सप्प!

शेजारच्या बंद खोलीतून.

पुन्हा... सप्प!

कुणीतरी मार खात होतं. पण रडणं... नव्हतं.

"कोण आहे? सोडा त्याला!" मामीनं दार ढकललं.

खोली रिकामी.

आणि मामीच्या मुठीत... छडी होती.

तिनं ती उचललीच नव्हती.

हात आपोआप वर गेला. पहिला फटका वीरण्णाच्या खांद्यावर बसला.

"बाई, काय करून राहिल्या?"

तिला थांबायचं होतं. पण तोंडातून घोगरा, पुरुषी आवाज आला... "हात पुढं कर."

आणि साठीला आलेल्या वीरण्णाचा हात पुढं आला!

फटक्यामागून फटका. कातडं फाटलं. रक्त मामीच्या तोंडावर उडालं. बोटाचं हाड कडकन मोडलं. तरी तिचा हात थांबेना.

शेवटी मामीनं उजवं मनगट चौकटीत घातलं... आणि डाव्या हातानं ते सागवानी दार सगळ्या ताकदीनिशी आपटलं.

ती किंचाळली. स्वतःच्या आवाजात.

छडी कुठंच नव्हती.

दवाखान्यात दोघांनी सांगितलं, शिडीवरून पडलो. डॉक्टर गेल्यावर मामीनं विचारलं, "वीरण्णा, पळाला का नाहीत? हात का पुढं केला?"



"म्या न्हाई केला बाई. मागून माझा हात धरून पुढं करून राहिले होते. लई हात होते..."

"कुणाचे?"

"लेकरांचे."

मामीला बदली मिळाली नाही. जूनमध्ये पोरं वाढली, म्हणून त्या हॉलमध्ये पाचवीचा वर्ग बसवला. वर्गशिक्षक नवीन आहेत, स्वभावानं गरीब.

त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही. मी दोनदा फोन उचलला... आणि ठेवून दिला.