धाकटीचे दोन प्रश्न

"तुम्ही खोटारडे आहात. माझी मुलगी तुमच्या खोलीत मेली आणि वर तुम्हीच लेखी कळवता की चूक तिची. संचालक, विश्वस्त, शिक्के मारणारे, एकजात खोटारडे! तिला मारलंत ते मारलंत, आता तिच्या नावालाही काळं फासताय."

इथवर वाचून मास्तर थांबले. "वर 'महोदय' घालायचं राहिलंय."

"समोर महोदय असता तर घातलं असतं," म्हातारा म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. वीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्सचेंजमध्ये तारा जोडल्या होत्या. कोण कुठे अडखळतं, कोण कुठे गप्प होतं, हे कान देऊन ऐकायची सवय तिथलीच. आता त्या लोकांची न सुटलेली प्रकरणं सोडवत. मास्तर त्यांचे टिपणं घेणारे सोबती. निवृत्त गणितशिक्षक. आकड्यांत पक्के, माणसांत कच्चे.

"पत्र नंतर," बाई म्हणाल्या. "आधी मुलगी सांगा."

म्हातारा घड्याळं दुरुस्त करायचा. भिंग लावून लावून उजव्या डोळ्याभोवती वळ पडला होता. मुलगी एकुलती एक. संगणक संस्थेत नोकरीला, कागदोपत्री फक्त 'माहिती भरणारी'. प्रोग्रॅम लिहायला ती आपली आपण शिकली. टेलिफोनच्या तारेने जोडलेल्या यंत्रांवर तेव्हा प्रोग्रॅमवाल्यांचा एक कट्टा असे. कुणाचं अडलं की त्याने प्रश्न टाकायचा, ज्याला येईल त्याने उत्तर द्यायचं. निम्मी उत्तरं हिचीच असत. तोंडही न पाहिलेली माणसं तिला ताई म्हणत.

"घरी काय बोलायची?"

"धाकटीबद्दल. धाकटीला आज हे शिकवलं, धाकटी आज असं म्हणाली. मला वाटलं, हाताखाली कुणी नवी पोरगी असेल."

मास्तरांनी 'धाकटी'खाली दोन रेघा मारल्या. त्यांना संशयित सापडली होती.

म्हाताऱ्याने पिशवीतून स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला. "काम अडलं की सुट्टीच्या रात्री ती तिथेच काढायची, म्हणून मी शोधायला गेलो नाही. सोमवारी तिच्यासोबत हा परत दिला. मीच भरला होता. जसा भरला तसा आला, घास कमी नाही. तिला साखरेचा आजार. एकच्या ठोक्याला जेवायची. घड्याळवाल्याचं घर ते, एक म्हणजे एक."

संस्थेचा अहवाल सोबत होता. यंत्राच्या खोलीत आग विझवणारा वायू सोडायची सोय होती. वायू सुटला की आग गुदमरते. माणूस असला तर तोही. शनिवारी साडेबाराला त्याची चाचणी झाली. आधी खोली रिकामी असल्याची खात्री केली, घंटा वाजवली. दीडपर्यंत पंख्यांनी वायू बाहेर काढला. त्यानंतर ही कर्मचारी विनापरवानगी आत शिरली. पाच चाळीसपर्यंत तिथून कट्ट्यावर उत्तरं देत होती, त्याला साक्षीदार आहेत. जेवली नाही, साखर उतरली, मेली. सोमवारी सापडली. गार खोलीत दोन रात्री पडलेल्या देहावरून नेमकी वेळ सांगता येत नाही, असं डॉक्टरने लिहिलं होतं.

"तुम्हाला काय हवंय?"

"तिची वेळ हवीय," म्हातारा म्हणाला. "किती वाजता गेली. आणि कुणी बघितलं असतं तर वाचली असती का. बास."

*

संचालकांनी दोघांना दहा मिनिटं दिली आणि उपकार केल्यासारखी दिली. चष्मा गळ्यातल्या दोरीला लटकत होता. बोलताना ते तो डोळ्यांवर चढवत, ऐकताना छातीवर सोडत.

"पुढच्या महिन्यात परिषद आहे. माझा निबंध अर्धा राहिलाय. प्रश्नांना उत्तर देणारं यंत्र, असा विषय आहे. तुम्हाला कळायचं नाही."

"नाहीच कळायचं," बाई म्हणाल्या. "चाचणी कुणी केली?"

"वायूवाल्या कंपनीचा माणूस आणि मी. खोली मी पाहिली. सही आहे माझी."

"आत जाऊन पाहिलीत?"

"दाराला काच आहे. काच बघण्यासाठीच असते."

"चाचणीनंतर?"

"पाऊणला घरी गेलो. सोमवारपर्यंत पाऊल ठेवलं नाही."

"तिच्या हाताखाली धाकटी म्हणून कुणी होती?"

चष्मा डोळ्यांवर चढला. "तिच्या हाताखाली? ती स्वतःच सगळ्यांच्या हाताखाली होती, बाई."

हे वाक्य बोलताना त्यांना काहीच वाटलं नाही. असली माणसं असतात, आणि भिंतीवर फोटो त्यांचेच लागतात.

यंत्राची खोली थंडगार. कपाटांएवढी यंत्रं रांगेत उभी, आणि त्यांच्या मागे, कोपऱ्यात, तिचं टेबल. बाईंनी मास्तरांना त्या खुर्चीत बसवलं, स्वतः बाहेर जाऊन दार लावलं आणि काचेतून पाहिलं.

"मास्तर, हात हलवा."

"कधीचा हलवतोय," आतून आवाज आला.

बाईंना यंत्रांखेरीज काही दिसलं नाही.

*

बाई दारावरच्या पहारेकऱ्याकडे गेल्या. त्यांनी घंटेचा विषय काढला.

"घंटा? ती तीन महिने मुकी आहे. दुरुस्तीचे अर्ज ताईच लिहायच्या. मला वाचून दाखवायच्या, 'काका, यात काही तिखट कमी पडलंय का?'" तो नाक ओढून दुसरीकडे बघू लागला.

"शनिवारी कोण आत, कोण बाहेर?"

"बारापर्यंत सगळे गेले. ताई आतच. साहेब नि वायूवाला पाऊणला गेले. मग कुणी नाही. साडेपाचला साहेब परत आले, चष्मा विसरला म्हणाले. सव्वासहाला गेले."

"मी विचारलं तसं आणखी कुणी विचारलं होतं?"

"मला कोण विचारतं, बाई?"

*

कट्ट्यावरचे दोघे साक्षीदार याच शहरात निघाले. पहिला विमा कचेरीत प्रोग्रॅम लिहायचा. जाडजूड, घाईत बोलणारा.

"तीच होती! शपथ घेऊन सांगतो. आधी प्रश्न विचारायची रीत तिचीच. कुणी काहीही घेऊन या, ताई म्हणणार, 'हे पहिल्यांदा कधी झालं? त्याआधी काय बदललं होतं?' निम्मे लोक तिथेच सुटायचे."

"तुमचं काय अडलं होतं?"

"प्रोग्रॅम गोल गोल फिरत होता, थांबेचना. एक बावन्नला विचारलं, एक छप्पन्नला उत्तर. अगदी बरोबर! संध्याकाळी आणखी एक, पाच छत्तीसला. त्याचंही आलं पाच चाळीसला. पाच पन्नासला तिसरं विचारलं, ते मात्र..." त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. "तेव्हाच गेली असणार."

"तुम्ही तिला कधी पाहिलं होतं?"

"नाही हो. पण माणूस कळतं की बोलण्यावरून."

दुसरे एका कॉलेजात प्राध्यापक. डोक्यावर केस नुकतेच उगवत होते.

"त्या शनिवारी सकाळी माझी आई गेली," ते म्हणाले. "ताईला आईच्या आजारपणाचं सगळं माहीत होतं. रोज विचारायची, औषध घेतलं का, झोपल्या का. तीन सातला मी तिला लिहिलं, 'आई गेली. काही दिवस येणार नाही.' तीन अकराला उत्तर आलं."

"काय?"

"'हे पहिल्यांदा कधी झालं? त्याआधी काय बदललं होतं?'" "मला इतका राग आला! तोंडावर दार आपटल्यासारखं झालं. मंगळवारी कळलं, ती स्वतःच गेली. मेलेल्या माणसावर मी तीन दिवस रागावून बसलो होतो."

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "कामात असेल हो. घाईत उत्तर दिलं असेल. पण ती धाकटी सापडायला हवी."

"मास्तर, तुमच्याच वहीतल्या वेळा एकदा वजाबाकी करून बघा," बाई म्हणाल्या. "आणि रडू आलं तर रडा. मी बघणार नाही."

*

शेवटची बैठक संचालकांच्याच खोलीत झाली. घड्याळवाला, दोन्ही साक्षीदार, पहारेकरी आणि संस्थेचे सर्वांत वयस्कर विश्वस्त आले होते. विश्वस्तांना बाईंनी मुद्दाम बोलावलं होतं.

"अहवाल म्हणतो, ती पाच चाळीसपर्यंत जिवंत होती," बाईंनी सुरुवात केली. "पुरावा एकच. तिची उत्तरं. म्हणून मी उत्तरांकडे पाहिलं. एक बावन्न, एक छप्पन्न. तीन सात, तीन अकरा. पाच छत्तीस, पाच चाळीस."

"चार मिनिटं," घड्याळवाला चटकन बोलला. "तिन्ही वेळा चार." मग त्याचा चेहरा बदलला. "असा नेमका माणसाचा हात नसतो."

"नसतो. एक प्रश्न किचकट, एक सोपा आणि एकात प्रश्नच नव्हता, आई गेल्याची बातमी होती. तिघांना सारखाच वेळ. आणि ज्या माणसाच्या आईचं औषध ती रोज विचारायची, त्याला आई गेल्यावर ताई हे दोन प्रश्न विचारेल?"

प्राध्यापकांनी डोळे मिटले.

"मग दुसऱ्या कुणी टाइप केलं," विश्वस्त म्हणाले.

"कुणी? पाऊण ते साडेपाच इमारतीत तिच्याशिवाय माणूस नव्हता. दारावरच्या माणसाला तुम्ही कधी विचारलंच नाही, म्हणून तो खरं सांगू शकला. उरलं कोण? यंत्र. बाबा, तुमच्या मुलीच्या हाताखाली कुणी पोरगी नव्हती. ती ताई, आणि तिने लिहिलेला प्रोग्रॅम धाकटी. ताईसारखा बोलणारा, ताईची सही टाकणारा. कुणी ओळखतं का, हे ती पाहणार होती. चार मिनिटं थांबायलाही तिनेच शिकवलं, कुणीतरी बसून टाइप करतंय असं वाटावं म्हणून. शनिवारी साडेबाराच्या आधीच तिने धाकटीला कट्ट्यावर सोडलं आणि टेबलाशी बसून बघत राहिली."

"म्हणजे मी..." विमावाला उठून उभा राहिला. "मी साक्ष दिली ती..."

"तुम्ही खोटं बोलला नाहीत. तिच्या धाकटीला माणूस समजलात. तिला हेच हवं होतं, आणि त्याच गोष्टीने तिचा गळा कापला."

विमावाला पुन्हा खाली बसला.

"साडेबाराला वायू सुटला. घंटा मुकी. काचेतून टेबल दिसत नाही, मास्तरांनी हात हलवून पाहिलाय. एकला ती जेवली नाही, कारण एकला ती नव्हती. डबा तेव्हापासून हेच सांगतोय. धाकटी मात्र उत्तरं देत राहिली. तिला श्वास लागत नाही. मग ती पाच चाळीसनंतर का थांबली? यंत्र दमत नाही. पाच पन्नासच्या प्रश्नाला उत्तर यायच्या आत कुणीतरी तिला बंद केलं. तेव्हा आत कोण होतं?"

सगळ्यांनी संचालकांकडे पाहिलं.

"मी चष्मा..."

"तो तुमच्या गळ्यात बांधलेला आहे. आणि मला तर म्हणालात, सोमवारपर्यंत पाऊल ठेवलं नाही. तुम्ही आलात, ती पडलेली दिसली, आणि तिच्या नावाने यंत्र अजून उत्तरं देतंय हेही दिसलं. तुमची सुटका तुमच्यासमोर टाइप होत होती. तुम्ही धाकटीला बंद केलंत, तिच्या प्रोग्रॅमची फीत काढून घेतलीत आणि ताईला दोन रात्री तिथेच ठेवलंत." बाई विश्वस्तांकडे वळल्या. "फीत यांनी फेकलेली नाही. या संस्थेत त्याहून मोठं काही घडलेलंच नाही, आणि यांचा परिषदेचा निबंध तिच्यावरच आहे. कपाट उघडायला सांगा."

विश्वस्तांनी हात पुढे केला. संचालकांनी बराच वेळ किल्ली शोधली. किल्ली खिशातच होती.

*

फीत विमावाल्याने यंत्रावर चढवली. पडद्यावर रिकामी ओळ उजळली.

"मी लिहू?" घड्याळवाल्याने विचारलं.

एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत त्याने लिहिलं, 'माझी मुलगी गेली.'

मग सगळे थांबले. मास्तरांनी खिशातलं घड्याळ काढलं, पुन्हा आत ठेवलं. प्राध्यापक भिंतीला टेकून उभे होते. संचालक दोनदा खाकरले.

"तुम्ही विचारलं होतंत," बाई हळूच म्हाताऱ्याला म्हणाल्या. "कुणी आत डोकावलं असतं, तर एकच्या ठोक्याला ती जेवली असती."

म्हाताऱ्याने मान हलवली. घड्याळाकडे न बघताच त्याने पडद्याकडे नजर वळवली, आणि तेव्हाच अक्षरं उमटली.

'हे पहिल्यांदा कधी झालं? त्याआधी काय बदललं होतं?'

खाली सही होती. ताई.

त्याने त्या सहीवर बोट ठेवलं आणि काच गार लागली तसं उचललं. मग तो खुर्चीसकट संचालकांकडे वळला. आवाज चढला नाही.

"साहेब, माझ्या मुलीने विचारलंय. शनिवारी साडेबाराला, दार ढकलून आत चार पावलं टाकायला तुम्हाला काय झालं होतं? मान खाली घालू नका. तिला उत्तर द्या."