पंचविसावर थांबलेलं तळं

पहाटे पाचच्या सुमारास कोक-जार वस्तीच्या वरचं हिमतळं फुटलं. चिखलाच्या लोंढ्याने वस्तीतली तीन घरं नेली. चार माणसं मेली. इशाऱ्याचा भोंगा वाजला नाही.

भोंगा वाजवायचं काम पहारा ठाण्यावरच्या मेलिस ओसमोनोवचं होतं. त्याला त्याच दिवशी अटक झाली.

त्याचा जबाब छोटा होता. तळ्याची पातळी पडद्यावर एकेक आकडा चढत पंचविसावर आली आणि थांबली. भोंगा तीस झाल्यावर वाजवायचा असतो. तळं निवलं असं त्याला वाटलं.

पण पोलिसांनी त्याच संगणकावर पातळीच्या नोंदींची फाइल उघडली, तेव्हा पातळी थेट एकेचाळीसपर्यंत चढलेली दिसली. म्हणजे मेलिस झोपला होता आणि आता खोटं बोलत होता. मेलेल्यांत त्याचा मेहुणा होता. बायको कोठडीत भेटायला आली नाही.

बिश्केकहून संगणक तपासनीस सालकिन जुमालिएवा आली. आधी ती मेलिसला भेटली.

"डुलकी लागली होती?"

"एजे," थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं तो म्हणाला, "खाली माझी माणसं राहतात. डुलकी कशी लागेल?"

"पंचविसावर आकडा आधी कधी थांबला होता?"

"या उन्हाळ्यात दोनदा. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी नवी फाइल सुरू झाली, तेव्हा पाणी उतरलेलं होतं. म्हणून तर घाबरलो नाही."

सालकिन ठाण्यावर गेली. संगणक विंडोजचा होता. पातळी दाखवणारा प्रोग्राम तिने तपासला. तो तळं फुटल्यानंतर तयार झालेला होता. रखवालदाराने सांगितलं की प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीचे साहेब त्याच सकाळी गाडी घेऊन आले, पोलिसांच्याही आधी, आणि काहीतरी बसवून दहा मिनिटांत गेले. फाइल त्यांनी उघडलीसुद्धा नाही. तिची प्रत त्यांना पोलिसांनी संध्याकाळी दिली.

शेजारच्या खोऱ्यातल्या ठाण्यावर विंडोजच्याच संगणकावर जुना प्रोग्राम होता. सालकिनने कोक-जारची फाइल तिथे उघडली. आकडे चढत गेले आणि पंचविसावर थांबले. मग तिने त्याच जुन्या प्रोग्रामचा कोड स्वतःच्या लिनक्सच्या लॅपटॉपवर तयार करून चालवला. एकेचाळीस.

दुसऱ्या दिवशी ती कंपनीच्या कचेरीत गेली. प्रमुख प्रोग्रामर तालायबेक पॉलिटेक्निकमध्ये तिच्याच वर्गात होता. फाइल वाचणारी सी भाषेतली लायब्ररी त्याने लिहिली होती. एकच कोड लिनक्सवर आणि विंडोजवर चालतो, हे तो चारचौघांत सांगायचा. चहा आला. कोपऱ्यात चोल्पोन नावाची तरुण प्रोग्रामर मान खाली घालून बसली होती.

"सरकारी नोकरी मानवलेली दिसते तुला," तालायबेक म्हणाला.

"विंडोजवर तपासला होतास हा कोड?"

"कंपायलरची एकही तक्रार न येता तयार झाला."

"चालवून बघितलास?"

"आमच्याकडे सगळी यंत्रं लिनक्सची. आमच्याकडे व्यवस्थित चालतो."

"त्या सकाळी ठाण्यावर काय बसवलंस?"

"नेहमीची डागडुजी."

"एकच ओळ बदलली आहे. फाइल उघडण्याची."

तालायबेकने पेला खाली ठेवला. फाइल पाहिली, दोष दिसला, दुरुस्त केला, असं तो म्हणाला. दुरुस्ती हा काही गुन्हा नाही.

"फाइल तुला संध्याकाळी मिळाली. दुरुस्ती सकाळची आहे. हजारो ओळींतून नेमक्या त्याच ओळीवर तुझं बोट कसं गेलं?"

मग सालकिननेच सगळं सांगितलं.

विंडोजवर फाइल मजकूर म्हणून उघडली, तर सव्वीस हा आकडा 'इथे फाइल संपली' अशी खूण म्हणून धरला जातो. फार जुनी प्रथा, मागे राहून गेलेली. लिनक्स ती पाळत नाही. तळ्याची पातळी मजकूर म्हणून नव्हे, तर एका आकड्याला एक बाइट अशी साठवलेली होती. पाणी सव्विसावर पोचलं की प्रोग्रामला वाटायचं, फाइल संपली, आणि तो शेवटचा पंचवीस दाखवत राहायचा. फाइल जशीच्या तशी उघड, एवढं त्या ओळीत सांगितलं असतं तर मेलिसला तीसही दिसले असते.

"हे चुकून राहिलं असतं, तर मी निष्काळजीपणा लिहिला असता," ती म्हणाली. "पण कोडच्या साठ्यात एक चाचणी आहे. प्रत्येक आकडा लिहून परत वाचून बघणारी. वसंतात चोल्पोनने ती स्वतःच्या घरच्या विंडोजवर चालवली. पंचविसानंतर ती नापास झाली. आठवड्याने ती चाचणी बंद केली गेली. बंद करणाऱ्याचं नाव तुझं आहे."

चोल्पोन पहिल्यांदाच बोलली. "तालायबेक बाइके म्हणाले, प्रोग्रामच्या हस्तांतराला मंत्रालयाची माणसं येणार आहेत, मेजवानीला मेंढा कापायचा आहे. नंतर बघू."

"नंतर बघणारच होतो," तालायबेक म्हणाला.

"बघितलंस की. चार माणसं मेल्यावर. आणि तेही त्या बिचाऱ्याला खोटं पाडण्यासाठी. शेजारच्या ठाण्यावर जुनाच प्रोग्राम ठेवलास, कारण तिथे अजून कोणी मेलेलं नाही."

तालायबेकने चहा पुरा केला नाही. चोल्पोनने जबाबावर सही केली.

सालकिनचा अहवाल सरकारी वकिलांकडे गेला. एकाच फाइलची दोन उत्तरं न्यायाधीशांना पटवायची कशी, असं त्यांनी विचारलं. तालायबेककडून शहर न सोडण्याचं लेखी घेतलं गेलं.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मेलिस ओसमोनोव कोठडीतच होता. त्याच्या सुटकेचा निर्णय तज्ज्ञांच्या दुसऱ्या मतापर्यंत पुढे ढकलला आहे. असं मत देण्याचा सरकारी परवाना एकाच कंपनीकडे आहे. तालायबेक तिथे अजून नोकरीवर आहे.