अठ्ठेचाळिसाव्या पानानंतर

एकशे तेरा पुस्तकं. त्यातली चाळीस न्हाणीघरातल्या टबात, म्हणून ग्रिसेल बादलीने अंघोळ करते.

हाडाच्या मुठीची बोथट सुरी.

बुएनोस आयरेसची बोट सकाळी सुटते. नदी इतकी रुंद, की पलीकडचा काठ दिसत नाही.

खाट क्रमांक सात. छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज.

जुलैची, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यातली थंडी, मोंतेविदेओचा रविवारचा बाजार, वाऱ्यासकट पाऊस... आणि एका टेबलावर जुनी पुस्तकं भिजत होती.

"अहो बाई, बघत काय उभ्या? टोक धरा!"

ग्रिसेलने प्लास्टिकचं टोक धरलं. दुसऱ्या टोकाला पुस्तकवाला होता. एवारिस्तो. भिवयांवरून पाणी ओघळत होतं, तरी हसत होता.

"मी घेणार काही नाही हं," ती म्हणाली. "घरी एकशे तेरा वाचायची पडलीत."

"बुडत्याचा पाय खोलात! आणखी एकाने काय होतंय? आणि वाचून करता काय?"

"त्यांच्याबद्दल लिहिते. इंटरनेटवर. हौस म्हणून. चारशे जण वाचतात."

"चारशे!"

"त्यात आई रोज तीनदा."

पाऊस थांबला, तरी टोक तिच्या हातातच होतं.

मग दर रविवारी. आठवडाभर ती दातांच्या डॉक्टरकडे रोग्यांची नावं लिहून घ्यायची, रविवारी त्याच्या टेबलामागे बसायची. भोपळ्याच्या पेल्यात येर्बाच्या पानांचा कडू चहा, एकच नळी—आधी तो, मग ती. 'धन्यवाद' म्हटलं की समोरचा पेला भरायचा थांबतो. ती दुपारभर धन्यवाद म्हणायची नाही.

"पोट फुटेल तुझं," तो म्हणायचा.

"फुटू दे."

एका रविवारी त्याने एक बारीक पुस्तक पुढे केलं. कागद घडी घालून शिवलेले, कडा न कापलेल्या. जुनी रीत. वाचणाऱ्याने सुरीने पानं सोडवत पुढे जायचं.

"बाबांचं आहे. अबुंदिओ. जन्मभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले, हे तेवढं स्वतःचं. तीस प्रती. कुणी कधी एक ओळ लिहिली नाही त्यावर. आता दवाखान्यात आहेत, सात नंबरच्या खाटेवर... तू लिहिशील? वाचून दाखवीन त्यांना."

"कसं आहे पुस्तक?"

"ते तू सांगायचं," तो म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला.

तिने पानं कापायला घेतली. गोष्ट एका माणसाची. त्याची बायको बोटीने नदीपलीकडे बुएनोस आयरेसला निघून जाते, मागे लहान मुलगा. अठ्ठेचाळीस पानं झाली. तेवढ्यात दोघा लेखकांचे निरोप आले—आमच्यावर कधी लिहिताय? ढिगातलं वरचं उचललं, मग त्याखालचं. शनिवार उजाडला. उद्या तो वाट बघणार. पुढचं काय असणार, ग्रिसेलला कळल्यासारखं वाटलं. अशी पुस्तकं तिने शंभर वाचली होती.

तिने लिहिलं: "आणि शेवटी ती परत येते. धक्क्यावर तिची टोपी दिसते, तेव्हा आपल्याही डोळ्यांत पाणी उभं राहतं."

एवारिस्तोने ते टेबलापाशी उभ्यानेच वाचलं. सगळ्या बाजारादेखत तिच्या केसांवर ओठ टेकले.

पुढचे दोन रविवार टेबल नव्हतं.

तिसऱ्या रविवारी होतं. तो दाढी वाढलेला, शांत.

"बाबा गेले."

"एवा..."

"तुझं वाचून दाखवलं होतं. म्हणाले, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. मग भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तसेच गेले." तो म्हणाला, "मला वाटलं, आनंदाने गप्प झाले."

काय करावं सुचेना, म्हणून तिने पिशवीतून पुस्तक काढलं. "हे तुझ्याकडे असू दे."

त्याने घेतलं. सवयीने कडेवरून अंगठा फिरवला. अंगठा अडकला.

अठ्ठेचाळिसाव्या पानापुढच्या कडा अजून न कापलेल्याच होत्या.

"ग्रिसेल."

"मला वेळ... ढीग एवढा होता, आणि मला तुला नाराज—"

"सुरी आहे टेबलावर. काप. वाच. मोठ्याने."

तिने कापलं. हाडाच्या मुठीची सुरी बोथट, कडा फाटत होत्या. गिऱ्हाइकं येत होती, चाळून जात होती. ती वाचत राहिली. ती बाई परत येत नव्हती. शेवटच्या घडीत तो माणूस लिहीत होता: तिला मीच घालवलं. दार आतून लावून घेतलं. ती तीनदा पोराला न्यायला आली, तीनदा मी ते उघडलं नाही. पोराला सांगितलं, आई तुला टाकून पळाली. तोंडाने सांगायची छाती नाही, म्हणून खिळे जुळवतो आहे. पोरा, तिचा पत्ता खाली देतो आहे.

खाली पत्ता होता. बुएनोस आयरेसचा, सत्तावीस वर्षांपूर्वीचा.

एवारिस्तोने पुस्तक तिच्या हातातून काढून घेतलं.

"मी येऊ तुझ्याबरोबर?" तिने विचारलं. "शोधायला?"

"नको."

"माझं प्रेम आहे रे तुझ्यावर. हे खरं आहे, एवा. एवढं तरी खरं मान."

"मानतो," तो म्हणाला. "माझंही आहे. पण तू काही सांगितलंस, की मी आता त्याच्या कडा चाचपत बसेन."

तो पुस्तकं खोक्यात भरू लागला. ती एक खोकं उचलू लागली. त्याने उचलू दिलं.

बाराव्या वाढदिवसाला अबुंदिओने मुलाला दिलेली त्याच पुस्तकाची प्रत एवारिस्तोच्या पलंगाखाली होती. तिचं एकही पान कापलेलं नव्हतं.