जरा चालून दाखवता का?

हे सांगतो ते कोणी खरं मानणार नाही. माझ्या सख्ख्या भावानं मानलं नाही, आणि तो तर दिग्रसच्या बाजारातून कोंबडी समजून बगळा घेऊन आलेला माणूस. पण तुम्ही आता ज्या ओट्यावर पाय पसरून बसला आहात, त्या ओट्याची ही गोष्ट आहे, म्हणून ऐकून घ्या.

त्या वर्षी कापूस असा उतरला होता की जिनिंग कारखान्याच्या धुराड्यातून धुरासोबत पेळू बाहेर पडत. बायका अंगणात उभ्या राहून आभाळातूनच वाती तोडून घेत. यवतमाळची एसटी गावात शिरली की ड्रायव्हर आधी खाली उतरे आणि फुंकर मारत रस्ता शोधी. अशा हवेत, हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात, वामनरावांची लेक विजयमाला पापण्यांवर कापूस घेऊन जिनिंगमागच्या मैदानातून चालली होती. आणि मैदानाच्या मधोमध एक परका माणूस गुडघे टेकून जमिनीशी काहीतरी बोलत होता.

तिला पाहून तो उठला. उंच, सावळा, खिशात पेन्सिली, हातात मोजायची फीत. त्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे, आणि म्हणाला,

"माफ करा... जरा चालून दाखवता का?"

विजयमाला जागच्या जागी थबकली. हा प्रश्न जगात एकच मंडळी विचारतात, मुलगी पाहायला आलेली. आणि तिच्या घरात तर पुसदच्या स्थळाची कुजबुज चालूच होती. पुसदचे लोक सरळ येत नाहीत, आधी वेषांतर करून माणूस पाठवतात, हे गावातल्या गुराढोरांनाही ठाऊक. मैनाबाईच्या पोरीला पाहायला त्यांनी बांगड्यावाला धाडला होता. तो बांगड्या भरता भरता मनगटाचं हाड मोजून गेला, आणि पोरीची एक दाढ किडकी आहे हे तिच्या आधी पुसदला कळलं.

विजयमालेला कुठंच जायचं नव्हतं. जिनिंगच्या वळचणीला तिनं गावातल्या बायका आणि तांड्यावरच्या बायका एकत्र बसवल्या होत्या. गावच्या बायका गोधडी शिवत, तांड्याच्या तिच्यावर आरसे-कवड्या टाकत. आता गावच्या समितीनं व्यायामशाळा बांधायची ठरवली होती, आणि तिनं भांडून भांडून त्याच छपराखाली बायकांचं उद्योगघर मंजूर करून घेतलं होतं. ती पुसदला गेली असती तर गोधडीवाल्या एकीकडे आणि आरसेवाल्या दुसरीकडे व्हायला पंधरवडाही लागला नसता.

"चालून? कायले?" तिनं डोळे बारीक केले.

"पाऊल किती रुंद पडतं ते पाहायचं होतं."

"पाऊल लांब पडते. रुंद तं म्हशीचं पडते."

तो हसला. हसला तेव्हा गालाला खळी पडली, आणि तिचा संशय आणखी पक्का झाला. साधा माणूस एवढं चांगलं हसत नाही. मग तिनं पदर खोचला आणि त्याच्यासमोरून अशी लंगडत गेली, अशी लंगडत गेली, की वाटेतल्या एका बैलालाही वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो वळचणीलाच आला. बायका शिवत होत्या. हा खांबाला टेकून उभा.

"सुईत दोरा ओवला की ओढताना हात कुठपर्यंत जातो?" त्यानं विचारलं.

सुई ओवून दाखव. चला, दुसरा प्रश्नही आलाच. विजयमालेनं गुपचूप सुई डाव्या हातात घेतली आणि पहिल्याच टाक्याला स्वतःचं बोट शिवलं.

शेजारी तांड्याची लालीबाई होती, तिची जिवाभावाची. ती कानाशी लागली. "छोरी, उजव्या हाताले लकवा मारला का?"

"गप बस. पुसदचा हाये तो."

"पुसदचा असता तं तुले पाह्यलं असतं. हा खांब पाहून राह्यला."

"खांब पाहाचं सोंग करून राह्यला."

तो जवळ आला. "तुम्ही डावऱ्या?"

"जन्मापासून."

"बरं झालं सांगितलं," तो गंभीरपणे म्हणाला. मग वळचणीचं लोंबतं तरट त्यानं हातानं वर धरलं, तसा उजेडाचा एक पट्टा तिच्या कामावर उजवीकडून येऊन पडला. हात अवघडेपर्यंत तो तसाच उभा राहिला. "तुमच्या पापणीवर कापूस..."

"राहू द्या."

"नाही, मले वाटलं... म्हणजे, मला वाटलं..."

तिनं सुई खाली ठेवली. "मुंबईचे ना तुम्ही? मग 'मले' कुठून आलं?"

"शिकलो मुंबईला. घर मुकुटबनचं. घाबरलो की मुकुटबन बाहेर येते."

"घाबरायले काय झालं?"

त्यानं हात बदलला. तरट मात्र खाली सोडलं नाही. तो गेल्यावर लालीबाई म्हणाली, "दोन बोल्या बोलते, पक्का हेर हाये बाई." आणि मग, ओढणीत तोंड लपवून, "पण तो जाऊन घटकाभर झाला. तू अजून डाव्या हातानं कायले शिवून राह्यली?"

संध्याकाळी वामनरावांनी बैठकीतून चहा मागवला. विजयमाला कप-बश्या घेऊन बाहेर आली, आणि समोर तोच. तिचे पाय तिला न विचारताच लंगडू लागले.

"पायाले काय झालं वं, विजू?" वामनराव म्हणाले.

"काटा, बाबा."

त्यानं कप घेतला आणि तिलाच ऐकू येईल असं हळूच म्हणाला, "काल डाव्या पायात होता."

"हे गावंडे साहेब," वामनराव सांगत होते. "मारोतराव गावंडे. इमारती बांधायच्या आधी कागदावर उभ्या करतात. आर्किटेक्ट म्हणतात त्याइले. आपला आखाडा अन् तुमचं उद्योगघर यायच्याच हातचं. आखाड्यासाठी रामसिंग पहिलवानाले मोजून आले, आता उद्योगघरासाठी तुमच्यातलं कोणी मोजाले पाहिजे म्हणतात. उद्या सकाळी समिती येऊन राह्यली, जमिनीवरची आखणी पाहाले."

विजयमाला आत गेली आणि दाराआड बसली. माणूस खराच नकाशेवाला होता. मग तो तसा का पाहत होता? आणि लंगडणं खोटं हे ओळखलं, तर बाबांना सांगितलं का नाही? चुगली करणाऱ्याचं निदान कळतं तरी, त्याच्या मनात काय आहे ते. जो चुगली करत नाही, त्याच्या पोटात काय असेल कोण जाणे.

सकाळी ती लालीबाईला घेऊन मैदानावर गेली. गावंडे डब्यातून चुन्याची फक्की सोडत, पाठमोरा, मागं मागं सरकत होता. पांढऱ्या रेघांचं एक अख्खं घर जमिनीवर निजलेलं.

"थांबा," तो मागं न पाहताच म्हणाला. "भिंतीतून कुठं चाललात?"

तिनं खाली पाहिलं. तिचा एक पाय भिंतीच्या आत, एक बाहेर.

"दार कुठाय?"

"तिकडं."

ती वळसा घालून दारापाशी गेली. त्यानं नसलेलं दार उघडलं, बाजूला झाला. आणि तुम्ही मानू नका, पण बिजागरी वाजल्याचं लालीबाईनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. विजयमाला नकळत मान लववून आत शिरली. आत उन्हाशिवाय काही नव्हतं. तरी तिचा आवाज आपसूक खाली आला, जसा परक्या घरात येतो.

"दाराबाहेर हा लांब उतार कोणासाठी?"

"आहे एक जण. कधी डाव्या पायानं लंगडते, कधी उजव्या. म्हणून कठडे दोन्ही बाजूंनी ठेवलेत."

तिनं ओठ दाबून धरले. "ओळखलं होतं, तरी ठेवला?"

"डोक्यावर गाठोडं घेऊन येणाऱ्या बायकांनाही पायऱ्यांपेक्षा उतार बरा. खोट्यासाठी काढला, खऱ्याला उपयोगी पडला." मग त्यानं एका चौकोनाकडे बोट केलं. "ही तुमची जागा. बसून पाहा."

ती बसली. समोर पाहिलं. समोर, रेघांच्या पलीकडं, आखाड्यासाठी आधीच खणलेला मातीचा हौद होता. हौदाच्या काठावर आपला रामसिंग पहिलवान, जो शिंकला तर मलखांब तिरपा व्हायचा तो रामसिंग, लंगोट कसून मांडीवर थाप मारत होता. लालीबाईनं ओढणी तोंडावर ओढली आणि आतल्या आत गदगदून हसू लागली.

"हे काय?" विजयमाला म्हणाली. "सगळ्या बायकांचं तोंड इकडंच?"

"उजेड उत्तरेचा चांगला. डावऱ्या माणसाला तो उजवीकडून लागतो. म्हणजे तोंड पश्चिमेला आलं."

"बाकीच्या उजव्या हातानं शिवतात."

"जिला सगळ्यांत जास्त अडचण, तिच्यासाठी घर बांधायचं. बाकीच्यांचं त्यात भागतं. हेच शिकलो मी."

लंगडणं त्यानं ओळखलं होतं. डावा हात मात्र खरा मानला होता. समितीतले अर्धे म्हातारे आधीच म्हणत होते की बायकांना छप्पर कशाला, सगळी जागा आखाड्याला द्या. आता गावच्या लेकीसुना लंगोटाकडं तोंड करून बसणार, हे पाहिल्यावर उद्योगघर त्याच घटकेला पुसलं जाणार होतं. आणि खरं सांगावं तर बाबांना कळणार की पुसदचं स्थळ हिनं हातानं मोडायला काढलं.

जिनिंगच्या कोपऱ्यावरून पागोटी दिसू लागली. सगळ्यांत पुढं वामनराव.

"काही चुकलं का?" गावंडेनं विचारलं. हातात डबा, कपाळाला चुना. त्या चेहऱ्यात काही लपलेलं असावं म्हणून तिनं कितीतरी वेळ शोधलं... काहीच सापडलं नाही. त्याचाच तिला राग आला.

तिनं त्याच्या हातून डबा घेतला. उजव्या हातात. पायानं जुन्या रेघा पुसल्या आणि चौकोनांची तोंडं पूर्वेला फिरवत, आखाड्याकडं पाठ करत, सरळ रेघ सोडत निघाली.

"तुमचा उजवा हात..."

"धडधाकट हाये."

"विजू," वामनराव येऊन पोचले, "हे काय करून राह्यली? काटा निघाला वाटते."

"काटा नोहताच, बाबा. मी डावरीबी नाई. लंगडीबी नाई. यायले खोटं सांगितलं, म्हणून आखणी चुकली. यायची काही चूक नाई."

"काहून केलं असं?"

"मले वाटलं, पुसदचे हायेत. पाहाले आले."

वामनरावांनी पागोटं काढलं, पुन्हा घातलं. "पुसदवाले तं मागच्याच बाजारी येऊन गेले."

"कोण?"

"ते म्हातारी नाई का, गोधडीचा टाका वाकडा हाये म्हणत होती. तिले तू म्हटलं, टाका सरळ हाये, तुमची नजर वाकडी हाये. तिचा निरोप आला. नको म्हणे."

लालीबाईची ओढणी पुन्हा गदगदू लागली. विजयमाला चुन्याच्या घरात उभी. कुठं पाहावं ते कळेना. भिंती असत्या तर भिंतीकडं तरी पाहिलं असतं.

तेव्हा गावंडे पुढं झाला. वामनरावांसमोर उभा राहिला, आणि त्याचं सगळं मुकुटबन एकदम बाहेर आलं.

"मी पाहाले नोहतो आलो, काका. पण... पाह्यलं."

वारा पडला. आखाड्यात रामसिंगाची थाप मांडीवर यायची ती हवेतच राहिली. समितीतला सगळ्यांत खडूस म्हातारा चष्मा पुसू लागला. आणि विजयमाला, वाघाची छाती त्या पोरीची, तिनं डबा फेकून दिला, भर समितीसमोर गावंडेचा हात धरला आणि म्हणाली, 'मग वाट कोणाची पाहता? याच घडीले लगन लावा.' असं म्हणायचा अवकाश, जिनिंगचा भोंगा आपोआप वाजला, आभाळातून कापसाच्या अक्षता पडल्या, रामसिंगानं मलखांब मुळासकट उपटून मांडवाचा खांब म्हणून रोवला, आणि मुकुटबनपर्यंतच्या...

"खोटं," मागून बाईचा आवाज आला.

पाहिलं तर उद्योगघराच्या उतारावरून या ओट्याकडंच येणाऱ्या विजयमालाबाई गावंडे. डोक्यावर गोधड्यांचं गाठोडं, पापणीवर कापूस.

"नानाजी, भोंगा वाजू द्या, अक्षता पडू द्या, त्याचं मले काही नाई. पण 'लगन लावा' मी कधी म्हटलं? मी म्हटलं होतं, विचार करून सांगते. अन् लगन झालं, दोन लेकरं झाली, पण मी अजून सांगितलंच नाई. ते रोज संध्याकाळी इचारतात." तिनं गाठोडं सावरलं. "सांगितलं तं इचारणं बंद करतील."