राखाडी गाडीतला वेल्को

धुक्यातून आधी पिंप आलं, मग बिल्याना.

कोबी खारवायचं निळं, चाळीस लिटरचं रिकामं पिंप पोटाशी कवटाळून ती विदिनच्या वेशीवरल्या गाड्यांच्या शोरूममध्ये शिरली. दारात एक तरुण उभा होता. तो डावीकडे सरकला, तीही डावीकडे. तो उजवीकडे, तर हीसुद्धा उजवीकडेच. शेवटी दोघंही थांबले, मध्ये पिंप.

"कोबी आम्ही विकत नाही," तो म्हणाला.

"मला कोबी नकोय. बसतंय का बघायचंय."

"कोण, तुम्ही?"

"पिंप! डिकीत... उभं."

तो हसला. ओठांचा डावा कोपरा जरा जास्त वर जायचा, आणि उजव्या भुवईत एक बारीकशी खाच होती. बिल्याना चष्म्याच्या दुकानात काम करायची, लोकांच्या चेहऱ्यांची मापं घेण्यात तिचा दिवस जायचा. पण हा चेहरा बघताना माप घ्यायचं तिला सुचलंच नाही.

पिंपाचं असं होतं. मागची गाडी बाबांनी नुसता रंग बघून घेतली होती, आणि ती आजीच्या गावच्या चढावर पहिल्याच चिखलात रुतून बसली. तेव्हापासून बाबा ताकही फुंकून पीत. यंदा तिंकाआजी चौऱ्याऐंशीची झाली होती. तिकडे डोंगरात ती एकटीच राहायची आणि दोनदा अंगणात पडली होती. बर्फ पडायच्या आत तिला खाली आणायचं होतं, आणि नंतरही दर रविवारी तिच्या कोंबड्यांना भेटायला वर न्यायचं होतं. म्हणून लहानशी, पण उंच गाडी हवी. बाबांची अट, पोट जमिनीला लागता कामा नये. आजीची अट, पायरी उंच नको, गुडघे वाकत नाहीत. आईची अट तर पिंपाच्या रूपात सगळ्यांनी पाहिलीच. शनिवारपर्यंत ठरवायचं होतं, आणि ठरवायचं काम बिल्यानाकडे आलं होतं. कारण घरात वही घेऊन विचार करणारी तेवढी एकच.

वहीत सात गाड्यांपैकी दोन उरल्या होत्या. एक पांढरी, एक राखाडी.

पांढरीत पिंप आडवं झोपलं. राखाडीत ते ऐटीत उभं राहिलं.

"जमिनीपासून उंची?" बिल्यानाने पेन्सिल काढली.

"माझी की गाडीची?"

"गाडीची. तुमची दिसतेय."

"वीस सेंटीमीटर. पांढरीची सतरा." तो मागच्या सीटवर बसून गुडघे दाखवू लागला. "हे बघा, चार बोटं जागा उरते. नाव वेल्को. वहीत लिहा, विसराल."

"माणसांचा रकाना नाहीये माझ्या वहीत."

"मग आखा की!"

तिने आखला नाही. पण घरी गेल्यावर समासात 'वेल्को' असं लिहिलं, आणि लिहिलं म्हणून स्वतःवरच चिडली.

चिडायला कारणही होतं. विदिनमध्ये दारांच्या आत उरलेल्या माणसांपेक्षा दारांवरची माणसं जास्त. कुणी गेलं की त्याचा फोटो छापलेला कागद दारावर, झाडावर, बसथांब्यावर चिकटवायचा. मग चाळिसाव्या दिवशी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाने पुन्हा. जे मेले ते भिंतींवर राहिले. जे जिवंत होते ते निघून गेले. बिल्यानाच्या वर्गातल्या सव्वीस जणांपैकी तिघं गावात होती. तिचा सख्खा भाऊ परदेशात, व्हॅलेन्सियात संत्री भरत होता. जीव लावावा आणि त्याने बॅग भरावी, हे दोनदा झालं होतं. तिसऱ्यांदा नको, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून तर समासातलं नाव तिला खुपत होतं.

बुधवारी ती राखाडी चालवून बघायला गेली. दान्यूबच्या काठाने धुकं इतकं दाट होतं की नदी नुसती ऐकू येत होती. वेल्को शेजारी बसला.

"गियर असा," म्हणत त्याने तिच्या हातावर हात ठेवला... आणि तिला शहारा आला. हात बर्फासारखा गार होता.

"केवढा गार!"

"सवय झालीय मला," तो म्हणाला.

पुढल्या वळणावर तिला आणखी एक गोष्ट जाणवली. त्याने पट्टा लावला नव्हता. शेजारी माणूस बसला आणि पट्टा लावला नाही, तर ही गाडी कान किटेपर्यंत ओरडते, असं तिने स्वतः वहीत लिहिलं होतं. गाडी गप्प होती. शेजारच्या सीटवर कुणीच नसल्यासारखी.

"तुमचं गाव कोणतं?" आवाज नेहमीसारखा ठेवून तिने विचारलं.

"मे महिन्यापासून हेच."

"विदिनला कुणी येत नाही हो. सगळे इथून जातात."

"मी आलो. एकदा आलो तो राहूनच गेलो." तो काचेबाहेर बघत होता. "इथे फार शांत असतं, नाही?"

तिने थैलीतून आईने केलेली चीजची गरम बनित्सा, पापुद्र्यांची भाजलेली पोळी, काढली. त्याने वास घेतला, डोळे मिटले आणि मान हलवली. "मला आता हे चालत नाही."

आता म्हणजे कधीपासून, हे विचारायचा धीर तिला झाला नाही. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा हुरहूरच जास्त होती. तो बोलला की धुक्यात आपल्या दोघांपुरती खोली तयार झाल्यासारखं तिला वाटायचं, आणि त्या खोलीतून बाहेर पडावंसं वाटत नव्हतं.

गुरुवारी आजीच्या गावचा चढ. जिथे मागची गाडी रुतली होती तिथे राखाडी नुसती घसा खाकरून वर गेली. बिल्यानाने आनंदाने टाळी वाजवली, आणि वेल्कोने ओरडून स्टिअरिंग धरलं.

"दोन्ही हात सोडून टाळ्या? मारायचं ठरवलंय का मला?"

"इतके सहज मरणारे दिसत नाही तुम्ही!"

यावर तो हसला नाही. तिला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं.

विदिनला परतताना संध्याकाळचे साडेचार वाजले होते, आणि दिवे धुक्यात पिवळे डाग होऊन लटकत होते. एका लिंडनच्या झाडाजवळ तो म्हणाला, "इथेच सोडा. मी इथेच असतो. गाडी ठेवा शनिवारपर्यंत, आईवडिलांना बसवून बघा. मी मात्र शनिवारी सकाळी शोरूमला नसेन."

"मग कुठे?"

"दफनभूमीत," तो म्हणाला. दार लागलं, चार पावलं ऐकू आली, आणि मग काहीच ऐकू आलं नाही.

गाडी वळवताना दिव्यांचा झोत झाडाच्या बुंध्यावर पडला. बुंध्यावर वेल्को होता.

तोच ओठांचा वर गेलेला डावा कोपरा. तीच भुवईतली खाच. पांढरा शर्ट, काळी चौकट. वर लिहिलं होतं, 'आमच्या लाडक्या वेल्को द्राग्नेवविना सहा महिने'. खाली मे महिन्यातली तारीख होती, आणि 'प्रार्थना शनिवारी सकाळी दहाला, दफनभूमीत'. वय लिहिलेल्या जागेवर कुणा दुसऱ्याच म्हाताऱ्याचा ताजा कागद चिकटवलेला होता.

बिल्यानाची पाचावर धारण बसली. घरी कशी पोचली, तिचं तिलाच कळलं नाही.

शुक्रवारी शोरूमला फोन करायला तिने तीनदा हात उचलला. पण विचारणार काय? तुमचा माणूस जिवंत आहे का हो? गार हात, गप्प गाडी, न खाल्लेली बनित्सा, मे महिना... बेरीज एकच येत होती. संध्याकाळी जेवताना तिने जाहीर केलं, "पांढरी घेऊया."

बाबांचा चमचा सूपमध्येच राहिला. "पांढरीचं पोट चिखलाला लागतं, तूच म्हणालीस ना!"

"नाही लागत."

"आणि पिंप?" आईने विचारलं.

"झोपेल."

आयुष्यात पहिल्यांदा तिने वहीत खोटं लिहिलं. सतराच्या जागी वीस. मग रडायला आलं म्हणून कांदा चिरायला घेतला.

पण शनिवारी नऊ वाजता तिने राखाडीची किल्ली उचललीच. तो मेलेला असेल तर असो, तिला त्याला अजून एकदा बघायचं होतं. या विचाराची तिला त्याच्या मरणापेक्षाही जास्त भीती वाटली, तरी ती गेली.

दफनभूमीत धुकं छातीएवढं साचलं होतं. वर नुसते क्रूस आणि डोकी. मेणबत्त्यांच्या वासामागे ती चालत गेली, आणि एका थडग्याशी तो दिसला. क्रूसावर चौकटीत वेल्को. क्रूसाशेजारी उभा, हातात उकडलेल्या गोड गव्हाचं भांडं घेतलेला, तोही वेल्को.

"तुम्ही? इथे?" तो म्हणाला. त्याच्या तोंडातून वाफ निघाली. मेलेल्याच्या तोंडातून वाफ निघते का, ते बिल्यानाला आठवेना.

काळ्या रुमालातली एक चिमुकली म्हातारी पुढे आली. तिने कागदी पेल्यात गहू घालून बिल्यानाच्या हातात दिला. "घे, पोरी. आणि म्हण, देव वेल्कोला क्षमा करो."

गव्हाचा घास घेताना हे म्हणायचंच असतं. न म्हणणारा माणूस विदिनमध्ये कुणी पाहिला नव्हता. सगळे थांबले.

"नाही म्हणणार," बिल्याना म्हणाली.

"अगं, का?"

"म्हटलं की तो जाईल." तिने पेला छातीशी धरला. "आणि मला तो हवाय. असा असला तरी... गार असला तरी. मला हवाय."

कुणीतरी क्रूसाची खूण केली. वेल्कोच्या हातातलं भांडं तिरकं झालं. म्हातारीने तिच्याकडे पाहिलं, मग फोटोकडे, मग भांडं धरलेल्या वेल्कोकडे. आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा ती हसली, रुमालाचं टोक तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अगं वेडाबाई! एक्क्याऐंशीचा होऊन गेला माझा नवरा. आजारपणात नुसती हाडं उरली होती, तो चेहरा झाडावर लावू देईन का मी? सैन्यातनं परत आला तेव्हाचा लावला. नातवाला आजोबाचं नाव देतात, आम्हीही दिलं. आता तोंडसुद्धा तेच घेऊन आला, त्याला मी काय करू?"

बिल्यानाचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असंही झालं.

"आणि पट्टा?" तिने वेल्कोला जवळजवळ दरडावलंच. "गाडी ओरडली का नाही?"

"मी... बकलमध्ये पट्ट्याची नुसती खोटी कडी खुपसून ठेवतो. दिवसभर चढ-उतर असते."

"लाज नाही वाटत? आणि बनित्सा?"

"नाताळाआधीचा उपास. आजीला शब्द दिलाय. शोरूमचा हीटर बंद आहे, म्हणून हात..." तो लाल झाला होता, कानापर्यंत. इतका जिवंत माणूस तिने कधी पाहिला नव्हता.

म्हातारीने थडग्यावर वाइन ओतली आणि बिल्यानाचा दंड धरला. "आता म्हण. आत आहे तो माझा. हा बाहेरचा आहे, त्याचं तुझं तू बघ."

"देव वेल्कोला क्षमा करो," बिल्याना म्हणाली आणि गव्हाचा घास घेतला.

लोक पांगले. दोघं फाटकाशी आले, आणि तिथे वेल्को थांबला.

"आजोबांच्या सहा महिन्यांपुरताच राहिलो होतो," तो खाली बघत म्हणाला. "गुरुवारी सांगणार होतो, पण तू मरणाची थट्टा केलीस आणि राहून गेलं. माझं घर बुर्गासला आहे. सोमवारचं तिकीट काढलंय..."

आतापर्यंत जे-जे गेले त्यांना बिल्यानाने डबा बांधून दिला होता, बसपर्यंत सोडलं होतं, हात हलवला होता. तोंडाने मात्र कधी काही म्हटलं नव्हतं. विदिनमध्ये कुणी म्हणत नाही. म्हणून तरी काय, माणसं जातातच.

"नको जाऊस," ती म्हणाली.

त्याने मान वर केली. धुक्यात दोन पावलांचं अंतर होतं, ते त्यानेच संपवलं. दुपारी तिने वहीत वीस खोडून पुन्हा सतरा लिहिलं, आणि राखाडीच घेतली. सोमवारी बुर्गासची बस वेळेवर सुटली, आणि तो गेला नाही.