सत्यशीलाचं पॅनेल

लाइट गेली तसे मामंजी, म्हणजे माझे सासरे, खुलले. नव्या सुनेला घाबरवायची संधी ते सोडत नाहीत. नणंद पायल मला चिकटून बसली.

"वेबसाइटीच्या हापिसात कामाला असलेल्या अपूर्वनं मला सोत्ता सांगितलेलं हाय. आपल्या मस्तगडातलीच गोष्ट. गेल्या पोळ्याची रात्र. मालकानं त्याला हापिसात इन्व्हर्टर बघायला धाडल्तं. पण त्याच्या आधीचं ऐक. जिल्ह्यातल्या कित्येक दुकानांच्या वेबसाइटी त्या हापिसातून चालायच्या. त्या सांभाळायची सत्यशीला. तिचं कंट्रोल पॅनेल, म्हंजी साइटी चालवायचा प्रोग्राम, लिनक्सवरचं. मालकाला पाहिजे विंडोजची मशीन. ती म्हणली, 'साहेब, हे पॅनेल विंडोजवर चढत न्हाई. एकेक साइट हलवावी लागंल. थांबा.' थांबतो कशाला! जुनी मशीन पुसून मोकळा. सगळ्या साइटी गेल्या. मंग हिला रातच्याला राजूरहून बोलावलं, जल्दी ये म्हणून. रस्त्यात ट्रकनं..."

मामंजी पाणी प्यायले.

"आन् तिच्या दहाव्याला हा मालक म्हणतो, साइटी तिनंच उडवल्या! तिच्या आईसमोर!"

"कुणी कानाखाली दिली न्हाई?" मी म्हणाले. सासरी आल्यापासून मी एवढ्या मोठ्यानं पहिल्यांदाच बोलले.

"ऐक. तर पोळ्याच्या रात्री अपूर्वनं हापिसाचं दार उघडलं. नव्या मशीनवर उजेड. पडद्यावर तिचं जुनं पॅनेल."

"पण विंडोजवर तर ते..." पायल पुटपुटली.

"कडबाकुट्टीत दळण निघतं का? न्हाई ना? तरी होतं. नाव आपोआप उमटलं... सत्यशीला. मंग पासवर्डाच्या चौकटीत एक ठिपका... दुसरा... खुर्ची रिकामी. कीबोर्ड गप."

पायलनं माझा पदर धरला.

"साइटी परत यायला लागल्या. एक... अजून एक... अपूर्वनं मालकाला फोन लावला. 'बंद कर ते!' मालक ओरडला. अपूर्वचा हात बटणाकडं गेला. मंग दहावा आठवला. हात मागं घेतला. 'तुम्हीच येऊन करा,' म्हणला."

"आला तो?"

"कुठला! सकाळी समद्या साइटी चालू. पॅनेल गायब. मालकाची सोत्ताची साइट तेवढी बंद. त्यानं मशीन बदलली, माणसं बदलली. खोटं बोललो, एवढं मात्र म्हणला न्हाई."

लाइट आली. मी मालकाच्या हापिसाचं नाव विचारलं, मोबाइलवर टाकलं. पांढरं पान उघडलं. मधोमध एकच ओळ.

खातं बंद करणारी व्यक्ती : सत्यशीला.

खाली तारीख होती. आजची.